मुदत संपलेल्या डोमेनचा लिलावातील भाव कसा ठरतो आणि आपली कमाल बोली कशी ठरवावी?

हळद_सांगली

नमस्कार.

आमच्या घरात सांगलीला दोन पिढ्यांपासून हळदीचा व्यापार आहे. आजवर सगळी विक्री घाऊक होती. आता स्वतःच्या नावाने हळद पूड पाकिटबंद करून थेट ग्राहकाला विकायचे ठरवले आहे. घरात सर्वांना पसंत पडलेले नाव म्हणजे एक साधा मराठी शब्द आहे, जो रोमन लिपीत सात अक्षरांचा होतो. त्याचे .कॉम डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, बरीच वर्षे दुसऱ्या कोणाकडे होते. गेल्या महिन्यात त्याची मुदत संपली, मालकाने नूतनीकरण केले नाही आणि आता ते त्याच रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, संकेतस्थळावर लिलावात आले आहे. लिलाव संपायला सहा दिवस आहेत, सध्याची बोली ६५ डॉलर आहे आणि बोली लावणारे तिघे दिसतात. त्याच पानावर संगणकाने काढलेली अंदाजित किंमत १,८०० डॉलर अशी दाखवली आहे.

भाव समजून घ्यावा म्हणून गेले काही दिवस मी तिथे संपणारे इतर लिलाव बघत आहे, पण त्यातून मला कोणताच नियम सापडत नाही. उच्चारायला सोपी, दोन इंग्रजी शब्दांची सुटसुटीत नावे बारा-पंधरा डॉलरला गेली आणि कित्येकांना एकही बोली आली नाही. त्याच रात्री युरोपातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या संस्थेचे लांबलचक, मध्ये दोन हायफन असलेले नाव २,००० डॉलरच्या पुढे गेले. आमच्या मार्केट यार्डातल्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघता येतो, त्यामुळे एखाद्या ढिगाचा दर का चढला हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळते. इथे बघायचे काय, हेच मला उमगलेले नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. अंदाजित किंमतीचा हा आकडा कितपत धरावा? लिलाव कोणत्या आकड्यावर थांबेल याचा काही अदमास आधी बांधता येतो का? आणि मी स्वतःसाठी कमाल बोली ठरवताना कोणत्या हिशोबाने ठरवावी? घाई न करता, मालक विसरला आहे तर डोमेन पूर्ण मोकळे होऊ द्यावे आणि मग नेहमीच्या नोंदणी शुल्कात घ्यावे, असेही एका परिचिताने सुचवले आहे. ते शक्य आहे का?

जुनी_नावे

नमस्कार. मी बऱ्याच वर्षांपासून मुदत संपलेली नावे घेतो आणि विकतो, त्यामुळे समोरच्या बाजूचा बोलीदार कसा विचार करतो ते सविस्तर सांगू शकेन.

आधी परिचिताच्या सूचनेविषयी, कारण तिच्यावर विसंबलात तर नाव हातचे जाईल. .कॉमचे मुदत संपलेले डोमेन लगेच मोकळे होत नाही. मोठे रजिस्ट्रार काही आठवडे वाट पाहून, साधारण पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवसाच्या सुमारास, ते स्वतःच्या किंवा भागीदाराच्या लिलावात मांडतात. तिथे एक जरी बोली आली आणि मालकाने मध्येच नूतनीकरण केले नाही, तर ते नाव जिंकणाऱ्याच्या खात्यात सरळ हस्तांतरित होते. नोंदवहीत, म्हणजे सर्व .कॉम नावांची नोंद ठेवणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीकडे, परत जातच नाही. लिलावात कोणीच घेतले नाही, उतरत्या भावाच्या शेवटच्या फेरीतही कोणी हात लावला नाही, तरच पुढचा टप्पा सुरू होतो. त्यात मूळ मालकाला जादा शुल्क भरून नाव सोडवून घेण्यासाठी ३० दिवस आणि त्यानंतर केवळ पुसले जाण्याच्या प्रतीक्षेचे ५ दिवस असतात. त्यानंतर नाव खरोखर मोकळे होते, पण त्या क्षणी ड्रॉपकॅच किंवा स्नॅपनेम्ससारख्या कंपन्यांची यंत्रे सेकंदाच्या अंशात ते टिपतात. तुमच्या डोमेनवर आजच तीन बोलीदार आहेत; त्यामुळे वाट पाहण्याचा मार्ग तुमच्यासाठी बंद झालेला आहे.

आता भावाचे. तुम्हाला नियम सापडत नाही, कारण एका पानावर शेजारी शेजारी दिसणारे हे लिलाव वेगवेगळ्या बाजारांचे आहेत. कोणी नावासाठी पैसे मोजतो, कोणी त्या नावाकडे इतर संकेतस्थळांवरून येणाऱ्या जुन्या लिंकसाठी. हायफनचे ते नाव बहुधा दुसऱ्या प्रकारचे असावे आणि त्याविषयी माझ्यापेक्षा अधिक माहिती असलेली मंडळी इथे आहेत. मी नावाच्याच बाजाराविषयी लिहितो.

१,८०० डॉलर हा आकडा किरकोळ किंमतीचा आहे. हे नाव ज्याला स्वतःच्या धंद्यासाठी हवे आहे असा कोणी कधीतरी आला, तर तो इतके देईल, असे जुन्या विक्रीच्या नोंदींवरून यंत्राने मांडलेले ते गणित आहे. तो 'कधीतरी' आज आहे, असे ते यंत्र म्हणत नाही. लिलावात समोर असतात ते बहुतांश माझ्यासारखे घाऊक खरेदीदार, आणि आमचा हिशोब असा चालतो. समजा, एखादे नाव २,५०० डॉलरला विकता येईल असे मला वाटते. मोठा साठा बाळगणाऱ्यांचा ठोकताळा असा, की शंभर नावांपैकी वर्षाला एखाद-दुसरेच विकले जाते. दीड टक्का शक्यता धरली तर त्या नावाची वर्षाची अपेक्षित विक्री ३७.५० डॉलर होते. विक्रीच्या बाजारपेठेचे २० टक्के कमिशन वजा केले की ३० उरतात. .कॉमचा घाऊक दरच, म्हणजे व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून घेते ती रक्कम, सप्टेंबर २०२४मध्ये १०.२६ डॉलर झाला, म्हणून नूतनीकरणाचे ११ वजा करा. हातात १९ राहतात. पाच वर्षांचे झाले ९५. म्हणजे २,५०० डॉलरला विकण्याच्या नावासाठी विचारी गुंतवणूकदार शंभराच्या आतच थांबतो. हेच नाव अधिक मागणीचे असेल, शक्यता ३ टक्के आणि किंमत ४,००० धरता येईल, तर वर्षाचे ८५ आणि पाच वर्षांचे ४२५ होतात. शक्यतेचा आकडा दुप्पट झाला आणि भाव दीडपटीहून थोडा अधिक झाला, एवढ्यानेच कमाल बोली चौपटीच्या पुढे गेली, हे लक्षात घ्या. दोन अनुभवी माणसे एकाच नावावर ९० आणि ४०० अशा बोली लावतात ती याच कारणाने.

दुसरी बाब लिलावाच्या पद्धतीची. तुम्ही कमाल आकडा नोंदवला तरी यंत्रणा तुमच्या वतीने आवश्यक तेवढीच बोली चढवत नेते. तुमची कमाल ४०० असेल, समोरच्याची ९० असेल आणि पायरी ५ डॉलरची असेल, तर नाव तुम्हाला ९५ला मिळते. म्हणजे लिलावाचा अंतिम भाव हा जिंकणाऱ्याच्या मनातला भाव कधीच सांगत नाही. तो दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचा भाव असतो. चांगले नाव बारा डॉलरला जाते तेव्हा त्या रात्री त्या नावाकडे दोन उत्सुक माणसांचे लक्ष गेलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ. रोज हजारो नावे संपतात आणि बघणारे डोळे मोजके असतात, त्यामुळे असे घडतच राहते. तुम्ही पाहिलेले बारा आणि दोन हजार हे दोन्ही आकडे म्हणूनच तुमच्या नावासाठी निरुपयोगी आहेत.

आधीच्या विक्रीच्या नोंदी पाहायच्याच असतील तर नेमबायो हे संकेतस्थळ आहे, परंतु ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथे विकली गेलेली नावे दिसतात, वर्षानुवर्षे पडून राहिलेली दिसत नाहीत. शिवाय १०० डॉलरच्या आतले व्यवहार तिथल्या यादीत नसतात. त्यामुळे 'यासारखे नाव इतक्याला गेले' अशी तुलना नेहमीच वरच्या बाजूला झुकलेली असते. एखाद्या प्रकारच्या नावांची लाट असेल तेव्हा तर या नोंदी सपशेल दिशाभूल करतात. २०१५च्या अखेरीस चिनी गुंतवणूकदारांनी स्वर आणि व्ही हे अक्षर नसलेली चार अक्षरी .कॉम नावे उचलायला सुरुवात केली. वीस अक्षरांपासून अशी १,६०,००० नावे तयार होतात. त्यांतल्या कोणत्याही निरर्थक नावाचा भाव काही महिन्यांतच हजार डॉलरच्या बराच वर गेला आणि २०१६मध्ये उतरला. ज्यांनी वरच्या भावाच्या नोंदी पाहून खरेदी केली, ते पुढे वर्षानुवर्षे केवळ नूतनीकरण भरत राहिले.

समोरची बोली खरी आहे का, ही शंकाही मनात ठेवणे गैर नाही. नोव्हेंबर २००९मध्ये स्नॅपनेम्सने स्वतःच जाहीर केले, की तिचा एक वरिष्ठ कर्मचारी २००५पासून टोपणनावाने ग्राहकांविरुद्ध बोली लावत होता; ज्यांना त्यामुळे अधिक पैसे मोजावे लागले त्यांना फरकाची रक्कम व्याजासह देण्याची तयारी कंपनीने दाखवली. तेव्हापासून या व्यवसायात सावधगिरी वाढली आहे. तरीही या प्रकारापासून खरे संरक्षण एकच आहे, ते म्हणजे आपली कमाल बोली आपल्या हिशोबातून ठरवणे आणि समोरचा चढवतो म्हणून ती न वाढवणे.

तुमचे नाव मराठी शब्द आहे, ही बाब तुमच्या फायद्याची आहे. जगभरातल्या बहुतेक बोलीदारांना तो शब्द आहे हेच कळणार नाही. ते केवळ सात अक्षरे आणि डोमेनचे वय बघून बोली लावत असतील. तुम्हाला खरी स्पर्धा होईल ती तो शब्द जाणणाऱ्या दुसऱ्या व्यावसायिकाकडून. म्हणून याच नावाचे .इन आणि .को.इन कोणाकडे आहे, तिथे चालू संकेतस्थळ आहे का, हे आजच बघून ठेवा.

प्रज्ञा_मडगाव

वरील प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. मी संकेतस्थळे बांधण्याचे आणि सांभाळण्याचे काम करते. हायफनच्या नावाचा उलगडा मी करण्याचा प्रयत्न करते, कारण त्याचा तुमच्या डोमेनशीही संबंध आहे.

एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ दहा-पंधरा वर्षे चालले, की विद्यापीठे, वर्तमानपत्रे, सरकारी पाने अशा ठिकाणांहून त्याच्याकडे लिंक तयार होतात. संस्था बंद पडते, डोमेनची मुदत संपते, पण त्या लिंक तशाच राहतात. शोधयंत्रे अशा लिंकना विश्वासाची खूण मानत आली आहेत, म्हणून ते डोमेन घेऊन त्यावर भलताच मजकूर टाकायचा आणि संस्थेने कमावलेल्या विश्वासावर वरचे स्थान मिळवायचे, असा उद्योग करणारे लोक पुष्कळ आहेत. हे लोक नाव वाचतही नाहीत; लिंक मोजणाऱ्या साधनांतले गुणांक पाहून बोली लावतात. गूगलने मार्च २०२४मध्ये आपल्या स्पॅमविषयक धोरणात मुदत संपलेल्या डोमेनच्या अशा गैरवापराचा स्पष्ट उल्लेख करून तो कारवाईयोग्य ठरवला. असे असूनही या नावांना बोली येत राहतात, हे मला मनापासून अयोग्य वाटते, कारण रुग्णांना किंवा विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या संस्थेच्या पत्त्यावर पुढे जुगाराच्या जाहिराती लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा, की तुमच्या डोमेनचा मधल्या काळात असाच वापर झालेला असू शकतो आणि तसे असेल तर त्याची किंमत तुमच्यासाठी खूपच कमी होते. बोली लावण्यापूर्वी वेबॅक मशीनवर, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, ते नाव टाकून वर्षागणिक पाने उघडून बघा. केवळ पहिले आणि शेवटचे पान पाहू नका. मधल्या वर्षांत अचानक भाषा बदललेली दिसली, चिनी किंवा इंडोनेशियन मजकूर, जुगार, औषधे, कर्ज असले काही दिसले, तर सावध व्हा. त्यानंतर कचरा मेलशी संबंधित पत्त्यांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या तपासणी पानावर ते डोमेन टाका. याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण ज्या पत्त्यावरून पूर्वी कचरा मेल गेले आहेत, त्या पत्त्यावरून तुम्ही ग्राहकाला पाठवलेली पावती थेट स्पॅममध्ये जाऊन पडते आणि आपले मेल का पोहोचत नाहीत हे शोधण्यात महिने जातात. गूगलवर केवळ त्या डोमेनपुरता शोध घेऊन काय दिसते तेही बघा. मुदत संपून पाने बंद झाली असल्याने निकाल कमी असतील, पण जे उरले असतील ते बोलके असतात.

इतिहास स्वच्छ निघाला तर जुन्या लिंकचा थोडासा फायदाच होईल. परंतु हळदीच्या नव्या ब्रँडसाठी त्याचे वेगळे पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक छोटा मुद्दा नावाविषयीही मांडते. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना 'व'साठी व्ही की डब्ल्यू, दीर्घ 'आ'साठी एक ए की दोन, असा प्रश्न येतो. तुमचा शब्द ऐकून दहा ओळखीच्या लोकांना तो टाइप करायला सांगा. त्यांतले निम्मे वेगळे स्पेलिंग लिहीत असतील, तर तुम्हाला दोन डोमेन बाळगावी लागतील, आणि लिलावातल्या डोमेनची तुमच्या लेखी किंमत त्या प्रमाणात उतरते.

हळद_सांगली

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे पाहणी केली. वेबॅक मशीनवर २०११पासूनची पाने आहेत. सुरुवातीला एका लहान पर्यटन व्यवसायाचे संकेतस्थळ होते आणि शेवटची काही वर्षे केवळ 'लवकरच येत आहे' असे पान होते. आक्षेपार्ह काही आढळले नाही. स्पॅमहाउसच्या यादीत नाव नाही. .को.इन मोकळे आहे, मात्र .इनवर गुजरातमधील एका मसाला व्यवसायाचे चालू संकेतस्थळ आहे. घरातल्या आणि शेजारच्या मंडळींकडून नाव टाइप करवून घेतले. एक-दोघे सोडले तर सर्वांनी एकच स्पेलिंग लिहिले.

बोली आता ११० डॉलरवर गेली आहे. डोमेनसाठी आम्ही एकूण पस्तीस-चाळीस हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकतो, पण तेवढे केलेच पाहिजेत असे नाही. आपले मत कळवावे.

वकील_दादर

.इनवर त्याच नावाचा मसाला व्यवसाय चालू आहे, हे वाचून थांबलो. बोलीचा आकडा ठरवण्यापूर्वी हा मुद्दा निकाली काढा, कारण दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी जुळणारे नाव कितीही स्वस्तात मिळाले तरी ते महागच पडते.

ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोधाची सोय विनामूल्य आहे. तिथे हळद आणि मसाले ज्या वर्गात येतात त्या वर्ग ३०मध्ये हा शब्द शोधा. उच्चाराने सारखे शब्दही शोधा. गुजरातमधील त्या व्यावसायिकाची नोंदणी किंवा प्रलंबित अर्ज निघाला, तर माझा सल्ला नाव सोडून देण्याचा आहे. नोंदणी नसली तरी केवळ दीर्घ वापरावरूनही हक्क निर्माण होतो. डोमेन नावाला ट्रेडमार्कप्रमाणेच संरक्षण मिळू शकते, हे मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या १९९९च्या प्रकरणात, एका अक्षराने वेगळ्या असलेल्या नावाविरुद्ध मनाई देताना मान्य केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या २००४च्या निकालात त्यावर शिक्कामोर्तब केले.

.कॉमच्या वादासाठी १९९९पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर जे धोरण लागू आहे, त्यानुसार तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव आपल्या चिन्हाशी फसवे साम्य दाखवते, समोरच्याला त्यावर वैध हक्क नाही आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवले तसेच वापरले आहे. इथे लिलावातल्या खरेदीदारांचा हमखास एक गैरसमज असतो. डोमेन २०११पासून नोंदलेले आहे, म्हणजे आपण त्या व्यावसायिकापेक्षा जुने ठरतो, असे त्यांना वाटते. तसे नाही. नव्या व्यक्तीकडे हस्तांतर झाले, की त्या व्यक्तीसाठी नोंदणीची तारीख ती संपादनाचीच धरली जाते. जुन्या डोमेनसाठी वयाचे म्हणून जे जादा पैसे मोजले जातात, त्यातून कायद्याचे कोणतेही संरक्षण विकत मिळत नाही.

अशा तक्रारी ऐकणाऱ्या विश्व बौद्धिक संपदा संघटनेपुढे एकसदस्यीय मंडळाकडे तक्रार दाखल करायला तक्रारदाराला १,५०० डॉलर शुल्क पडते. त्यामुळे लहान व्यावसायिक सहसा आधी नोटीस पाठवतात. पण ब्रँड नावारूपाला आल्यावर अशी नोटीस येणे हे तुम्हाला त्या शुल्काच्या कित्येक पटींनी महागात पडेल.

हळद_सांगली

वर्ग ३०मध्ये शोध घेतला. त्या व्यवसायाचे नाव प्रत्यक्षात दोन शब्दांचे आहे आणि त्यांची नोंदणी त्या जोडनावाची, विशिष्ट चित्रचिन्हासह आहे. आमचा शब्द त्यातला दुसरा आहे. आमच्या ओळखीच्या ट्रेडमार्क वकिलांना कागद दाखवले. त्यांच्या मते तो शब्द मसाल्याच्या धंद्यात बरेच जण वापरत असल्याने, आमच्या घराण्याच्या नावासह अर्ज केल्यास अडचण येऊ नये. तो अर्ज आम्ही याच आठवड्यात करत आहोत. आता प्रश्न फक्त आकड्याचा उरला आहे.

जुनी_नावे

वकील साहेबांनी मांडलेला मुद्दा माझ्याकडून राहूनच गेला असता, त्यांचे आभार.

आता आकडा. तुमचा हिशोब माझ्यासारखा करू नका, कारण तुम्हाला हे नाव विकायचे नाही. तुमच्यासाठी या नावाची किंमत म्हणजे हे नाव आणि तुमचा पुढचा उत्तम पर्याय यांच्यातला फरक. ट्रेडमार्कचा अर्ज तुम्ही घराण्याच्या नावासह करणार आहात. मग तीच दोन शब्दांची जोडणी .कॉममध्ये मोकळी आहे का, हे आधी बघा. ती नेहमीच्या नोंदणी शुल्कात मिळत असेल, तर ती आजच घेऊन ठेवा. मग लिलावातल्या नावासाठी मोजायचे पैसे हे केवळ आखूडपणाचे आणि लक्षात राहण्याचे असतील. पाकिटावर छापायला, फोनवर सांगायला सात अक्षरे निश्चितच सोपी; त्यासाठी काहीशे डॉलर ही रक्कम अवाजवी म्हणता येणार नाही, पण दोन हजार नक्कीच अवाजवी आहे.

दुसऱ्या बाजूने बघा. हे नाव एखाद्या गुंतवणूकदाराने नेले, तर काही दिवसांतच त्यावर २,०००-२,५०० डॉलरची पाटी लागेल आणि त्याला वाट बघायला वेळच वेळ असेल. लिलावाची ही वेळ अशी एकमेव आहे, जेव्हा स्वतःच्या धंद्यासाठी नाव हवे असलेल्या माणसाला ते घाऊक भावात मिळू शकते. म्हणून तुमची कमाल बोली सामान्य गुंतवणूकदाराच्या कमाल बोलीपेक्षा थोडी वर असली पाहिजे. वरच्या हिशोबाने ती या दर्जाच्या नावासाठी शंभर ते तीनशेच्या दरम्यान कुठेतरी असेल. तुमचे अंदाजपत्रक पाहता मी ३३० डॉलर नोंदवीन. गोल आकडा टाळण्याचे कारण साधे आहे: पुष्कळ जण ३००वर थांबतात आणि तिथे पाच-दहा डॉलरने नाव हुकते.

हा बोलीचा आकडा आहे, खर्चाचा नव्हे. त्यावर एक वर्षाच्या नूतनीकरणाचे वीसेक डॉलर लागतात. परदेशी कंपनीच्या अशा सेवेवर १८ टक्के जीएसटी येऊ शकतो आणि क्रेडिट कार्डावर परकीय चलनासाठी बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत लावते. ३३०ची बोली अशा रीतीने ४२५ डॉलरच्या पुढे जाते. तुमच्या फर्मची जीएसटी नोंदणी असेल, तर त्या भागाचे काय करता येईल ते सनदी लेखापालांना विचारा.

बोली केव्हा लावायची, हेही महत्त्वाचे आहे. आता इतक्या अगोदर बोली चढवत राहिलात, तर इतरांच्या यादीत ते नाव वर दिसू लागते. किती बोली आल्या यावरून नावे निवडणारे लोक असतात. शेवटच्या काही मिनिटांत एकदाच कमाल आकडा नोंदवा. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाची युक्ती इथे चालत नाही. वेळ वाढत जाईल, समोरचा पाच-पाच डॉलरने चढत जाईल आणि 'आणखी पाचच तर' असे प्रत्येक वेळी वाटेल. आकडा आधी कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या आणि तो ओलांडला गेला की पान बंद करा.

जिंकलात तरी व्यवहार त्या रात्री पुरा होत नाही. मूळ मालकाला त्यानंतरही काही दिवस नूतनीकरणाचा हक्क असतो आणि त्याने तो वापरला तर तुमचे पैसे परत येतात, नाव येत नाही. डोमेन तुमच्या खात्यात दिसू लागल्यावर नोंदणी फर्मच्या नावाने आणि फर्मच्याच ईमेलवर आहे याची खात्री करा, संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या ईमेलवर नको; आपोआप नूतनीकरण चालू करा. त्याच रजिस्ट्रारकडे ते बहुधा ६० दिवस ठेवावे लागेल. आणि पाकिटांची छपाई मात्र डोमेन खात्यात येईपर्यंत थांबवून ठेवा.